गोळी कुणाला, छडी कुणाला?

वर्गात एका जागी बूड न टेकणारं पोर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते उत्तर ओरडून मोकळं होतं. रोज पेन्सिल हरवतं. गणित अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघत बसतं. रांगेत उभं केलं तर पुढच्याला ढकलतं. मार खातं, रडतं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच करतं.

हे पोर शहरातल्या महागड्या शाळेत असेल आणि आईवडील चांगल्या पगाराचे असतील, तर घरी चिठ्ठी येते: समुपदेशकांना भेटा. मग बालमानसोपचारतज्ज्ञ, मग चाचण्या, मग निदान: एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता. हेच पोर जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत वस्तीतून येणारं असेल, तर त्याचं निदान वर्गातच उरकतं. वांड. उनाड. टवाळ. आणि गुरुजी फारच तापलेले असतील तर, "शेवटी जातीवर गेलाच."

वागणं एकच, नावं दोन. एकाचा आजार, दुसऱ्याचा स्वभाव. एकाला गोळी, दुसऱ्याला छडी.

एडीएचडीच्या औषधांवर आपल्याकडे वाद होतो तो साधारण असा. एक बाजू म्हणते, लेकरांना गोळ्या घालून गप्प करतात, हा औषध कंपन्यांचा धंदा आहे. दुसरी बाजू म्हणते, डॉक्टरांना जास्त कळतं, सांगतील ते मुकाट करा. हे दोघंही डॉक्टरच्या दारापर्यंत पोचलेल्या मुलाबद्दल भांडत असतात. आपल्या वस्तीतलं पोर त्या दारापर्यंत पोचतच नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: औषध द्यायचं की नाही हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तपासणीच्या हक्काचा आहे, आणि तो हक्क आज जात आणि खिसा बघून मिळतो.

हे नवं खूळ आहे का?

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. होतं, फक्त नाव नव्हतं. अलेक्झांडर क्राइटन या डॉक्टरने १७९८ मध्येच लक्ष न टिकण्याच्या विकाराचं वर्णन लिहून ठेवलं आहे. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. ही मुलं मतिमंद नाहीत, आईबापांनी वाया घालवलेली आहेत असंही नाही, तरी त्यांना स्वतःला आवरता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. पण त्याने त्याला नाव दिलं ते 'नैतिक संयमाचा दोष' असं. म्हणजे डॉक्टरसुद्धा सुरुवातीला हे नीतीच्याच खात्यात टाकत होते. शरीराचं दुखणं चारित्र्यावर ढकलायची ही सवय जुनी आहे, आणि आपल्या शाळांतून ती अजून गेलेली नाही.

औषधाची गोष्टही अशीच जुनी. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरने रुग्णालयात राहणाऱ्या ३० मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. त्यातल्या १४ मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत होतं हे बघून तो स्वतःच चक्रावला. पुढे १९४४ मध्ये मिथिलफेनिडेट तयार झालं आणि १९५४ मध्ये रिटॅलिन या नावाने बाजारात आलं. आज जगभर एडीएचडीसाठी मुलांना सर्वात जास्त दिलं जाणाऱ्या औषधांत ते आहे.

जगभरातल्या अभ्यासांची सरासरी काढली तर साधारण पाच टक्के मुलांमध्ये एडीएचडी आढळतो. चाळीस मुलांच्या वर्गात दोन. ही दोन मुलं फक्त इंग्रजी शाळांच्याच वर्गात जन्माला येतात, असं कुणी म्हणत असेल तर त्याने पुरावा द्यावा.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. 'आनुवंशिक' हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे काही लोकांच्या डोक्यात लगेच जात येते. आनुवंशिक म्हणजे एखाद्या कुटुंबात वडिलांना असेल तर मुलात असण्याची शक्यता जास्त. ते कुटुंब पेठेतलं असो वा पारधी वस्तीवरचं. त्याचा जातीशी काडीचाही संबंध नाही.

गोळी काय करते, काय करत नाही

मिथिलफेनिडेट ही झोपेची गोळी नाही. मेंदूत डोपामाइन आणि नॉरअॅड्रेनालिन ही दोन रसायनं संदेश पोचवतात. पेशी ती परत ओढून घेतात तेव्हा हे औषध त्या ओढण्याला अडथळा करतं, त्यामुळे ती जास्त वेळ कामावर राहतात. परिणाम अर्ध्या-एक तासात सुरू होतो. साधी गोळी चारेक तास टिकते, दीर्घकाळ टिकणारी आठ ते बारा तास. औषध उतरलं की परिणामही उतरतो. मुलाला ते गणित शिकवत नाही. गणित शिकण्यापुरतं बसायला मदत करतं. गणित शिकवायला मास्तरच लागतो.

आणि गोळी घेतल्यावर पोर दगडासारखं गप्प बसत असेल, हसत-खेळत नसेल, तर ते औषध लागू पडल्याचं लक्षण समजू नये. डोस जास्त झाला असेल किंवा औषध मानवत नसेल. डॉक्टरला तसं स्पष्ट सांगायला हवं. मूल शांत झालं म्हणजे काम झालं, ही शाळेची सोय झाली. मुलाचं भलं झालं का, ते वेगळं तपासावं लागतं.

औषध आणि वागणं यांचा संबंध तपासणारा सर्वात गाजलेला अभ्यास एमटीए या नावाने ओळखला जातो. अमेरिका आणि कॅनडातल्या सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट केले. एका गटाला काटेकोर देखरेखीखाली औषध. दुसऱ्याला फक्त वर्तनोपचार, म्हणजे पालकांचं प्रशिक्षण, शाळेत मदत, उन्हाळी शिबिर. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्या गटाला नेहमीच्या डॉक्टरकडे जे मिळेल ते. चौदा महिन्यांनंतरचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. लक्ष आणि चंचलता या मुख्य लक्षणांवर औषधाचे दोन्ही गट सरस ठरले.

औषधवाले इथेच थांबतात. पण त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, ज्यांना औषधाबरोबर वर्तनोपचार मिळाले त्यांना कमी डोस पुरला, आणि आईबापांशी नातं, भांडखोरपणा अशा बाबतीत त्यांचं जास्त भलं झालं. दोन, चौथ्या गटातल्या दोन-तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होतं. तरी तो गट मागे पडला. का? कारण तिथे डोस नीट ठरवला जात नव्हता, भेटी कमी होत्या, शिक्षकांना कुणी विचारत नव्हतं. म्हणजे निव्वळ गोळी हातात पडून भागत नाही, तिच्यामागे लक्ष देणारा माणूस लागतो. आणि तीन वर्षांनी, अभ्यासाची देखरेख संपून बराच काळ लोटल्यावर पाहिलं, तेव्हा चारही गटांतला फरक पुसला गेला होता.

औषधविरोधकांनी मग हे शेवटचं वाक्यच उचललं. पण उपचार थांबला, पातळ झाला, की फायदाही पातळ होतो, यात नवल काय? चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसतं, म्हणून चष्मा निरुपयोगी ठरत नाही.

दुष्परिणामही स्पष्ट सांगितले पाहिजेत. भूक मरते. झोप उशिरा लागते. पोट किंवा डोकं दुखतं. नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून घरात कुणाला हृदयाचा आजार किंवा अकाली मृत्यू झाला आहे का, ते आधी विचारावं लागतं. वर्षानुवर्षं सतत घेणाऱ्यांची उंची एक-दोन सेंटिमीटरने कमी राहू शकते. म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब दर काही महिन्यांनी मोजायचा असतो.

आता हा 'भूक मरते' दुष्परिणाम आपल्या लेकरांच्या ताटात ठेवून बघा. सकाळी दिलेल्या गोळीचा जोर नेमका दुपारी असतो. दुपारी शाळेत खिचडी असते. कितीतरी घरांतल्या मुलांचं ते दिवसातलं पहिलं पोटभर जेवण. डॉक्टर सांगतात, सकाळी भरपेट नाश्ता देऊन मग गोळी द्या, आणि रात्री औषध उतरल्यावर चांगलं जेवू घाला. सल्ला बरोबर आहे. पण ज्या घरात सकाळी चहा-बटर आहे आणि आई रात्री आठला कामावरून येते, तिथे हा सल्ला कसा पाळायचा? याचं उत्तर 'मग औषधच नको' हे नाही. उत्तर हे की आपल्या मुलांना औषध देताना जेवणाची व्यवस्था हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे. तो धरायला डॉक्टरला मुलाचं घर माहीत हवं. त्यासाठी पाच मिनिटांची ओपीडी पुरत नाही.

"हे आपल्याला गप्प करायचं हत्यार आहे"

आपल्या चळवळीतले काही मित्र म्हणतात, वंचितांच्या पोरांवर मेंदूच्या आजाराचा शिक्का मारायचा आणि औषध देऊन त्यांचा विद्रोह मारायचा, हा डाव आहे. या आक्षेपाला मी हसण्यावारी नेणार नाही. इतिहास त्याच्या बाजूने आहे.

१८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने 'ड्रेपेटोमेनिया' नावाचा आजार शोधून काढला. लक्षण काय? गुलामाला मालकाकडून पळून जावंसं वाटणं. आणि उपचारांत त्याने काय लिहिलं? चाबूक. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का अजून पुसलेला नाही. १९७० मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरात शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर अशी औषधं दिली जात असल्याची बातमी आली. तिच्यातले आकडे वादात सापडले, पण त्या बातमीवर अमेरिकी संसदेत सुनावणी झाली. सत्तेच्या हातात आजाराची व्याख्या गेली की काय होतं, हे शोषितांनी अनुभवलेलं आहे. सावध राहिलंच पाहिजे.

पण सावध राहणं वेगळं आणि डोळे मिटणं वेगळं. आज प्रत्यक्षात काय चाललंय ते बघा. अमेरिकेत बालवाडीपासून आठवीपर्यंत हजारो मुलांचा माग ठेवून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वागणं, अभ्यास, घरची परिस्थिती सारखी असलेल्या गोऱ्या मुलांशी तुलना केली, तर काळ्या मुलांना एडीएचडीचं निदान मिळण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी होती. निदान झालेल्यांतही त्यांना औषध मिळण्याचं प्रमाण कमी. मग काळ्या मुलांच्या वाट्याला काय येतं? अमेरिकेच्या शिक्षण खात्याचीच २०११-१२ ची आकडेवारी सांगते की शाळेतून निलंबित होण्याचं काळ्या मुलांचं प्रमाण गोऱ्यांच्या तिप्पट होतं.

म्हणजे डाव गोळी घालण्याचा नाही, गोळी नाकारण्याचा आहे. गोऱ्या पोराची चंचलता डॉक्टरकडे जाते, काळ्या पोराची मुख्याध्यापकाकडे आणि तिथून पोलिसांकडे. कार्टराइटचा चाबूक गेलेला नाही. त्याला आता आजाराच्या नावाचीही गरज उरलेली नाही.

'गोरा' आणि 'काळा' हे शब्द काढून तिथे आपले शब्द घाला आणि तुमच्या तालुक्यात काय दिसतं ते तुम्हीच सांगा.

दरवेळी एडीएचडीच असतो असं नाही

आता उलटी बाजू. वस्तीतल्या प्रत्येक चळवळ्या पोराला एडीएचडी आहे, असं कुणी म्हणायला लागलं तर त्यालाही थांबवलं पाहिजे. निदानाचे नियम ठरलेले आहेत. लक्षणं किमान सहा महिने हवीत. बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली हवीत. आणि सर्वात महत्त्वाचं, ती किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे शाळेतही आणि घरीही. जे मूल फक्त एकाच बाईंच्या तासाला वांड असतं, त्याच्यापेक्षा त्या तासाची तपासणी आधी करावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. अंगात लोह नसलेलं मूल पेंगतं, चिडतं, त्याचं लक्ष लागत नाही. ज्याचा कान वाहतो त्याला सूचना ऐकू येत नाहीत. ज्याला फळा दिसत नाही तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि मार खातो. ज्याच्या घरी रोज रात्री दारू पिऊन मारझोड होते, ते पोर वर्गात दचकतं, उगाच भांडतं. ऊसतोडीला आईबापांबरोबर दिवाळीनंतर गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं, तोवर वर्ग अर्धं पुस्तक पुढे गेलेला असतो. त्याला समोरचं काही कळतच नाही, मग लक्ष कशात देणार? या कुणालाही मिथिलफेनिडेट नको आहे. कुणाला लोहाच्या गोळ्या हव्यात, कुणाला चष्मा, कुणाला हंगामी वसतिगृह.

वयाचंही तसंच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१२ मध्ये निष्कर्ष आला की वर्गातल्या सर्वात लहान, डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त आणि औषध ४१ टक्के जास्त मिळत होतं. वय कमी, म्हणून स्थिरता कमी, एवढंच. आपल्याकडे तर कितीतरी पिढ्यांची जन्मतारीख गुरुजींनीच १ जून लावून टाकली. जिथे मुलाचं खरं वयच दाखल्यावर नसतं, तिथे ते वयाच्या मानाने चंचल आहे की नाही, हे कोण ठरवणार?

आणि एक तपासणी अशी आहे जी कुठल्याच अर्जावर छापलेली नसते. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत सगळ्यांपासून दूर कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागत होतं. गोणपाट गेलं, पण मागचा बाक राहिला. मूल लक्ष देत नाही असं लिहिण्याआधी, त्याला बसवलंय कुठे, ते बघा. त्याचा हात वर असताना बाई त्याला विचारतात का, ते बघा. त्याला हाक कोणत्या नावाने मारतात, ते ऐका. रोज अपमान गिळणाऱ्या पोराचं चित्त थाऱ्यावर कसं राहील?

म्हणून मी तपासणीचा हक्क म्हणतो. तपासणीत दोन्ही येतं: ज्याला एडीएचडी आहे त्याला तो आहे असं सांगणं, आणि ज्याला नाही त्याला खरं काय झालंय ते शोधणं. आज आपल्या मुलांना दोन्ही मिळत नाही.

छडीने काय होतं?

एडीएचडी असलेल्या मुलाला नियम माहीत नसतो असं नाही. "बाकावरून उठायचं नाही" हे ते तुम्हाला पाठ म्हणून दाखवेल. अडचण नियम कळण्यात नाही, ऐन क्षणी स्वतःला थांबवण्यात आहे. छडी त्याला जे आधीच माहीत आहे तेच पुन्हा सांगते. थांबायची ताकद ती देत नाही. म्हणून मार वाढत जातो आणि वागणं तसंच राहतं. मास्तर म्हणतात पोर निगरगट्ट झालं. निगरगट्ट झालेलं नसतं. आपण वाईटच आहोत, हे तेवढं ते शिकलेलं असतं.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी. कायदा होऊन इतकी वर्षं झाली. छडी टेबलाच्या खणात गेली, एवढाच फरक.

पुढचा रस्ता आपल्याला पाठ आहे. सहावी-सातवीत शाळा सुटते. मुलगा वीटभट्टीवर, हमालीला, नाहीतर नाक्यावर. रागाच्या भरात एखादी मारामारी, आणि मग निरीक्षणगृह. स्वीडनमध्ये एडीएचडी असलेल्या २५ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. तीच माणसं ज्या काळात औषध घेत होती त्या काळात त्यांच्या हातून गुन्हे घडण्याचं प्रमाण पुरुषांत ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४१ टक्क्यांनी कमी होतं. वेळेवर तपासणी न होणं म्हणजे नुसते गुण कमी पडणं नव्हे. कुणाच्या पोराला ठाण्यात बसवलं जाईल, याचाही तो प्रश्न आहे. आपल्या तुरुंगांत कोणत्या समाजांची पोरं जास्त आहेत, हे मी सांगायला नको.

आणि मुली? त्यांच्यात बऱ्याचदा धावपळ दिसत नाही, फक्त लक्ष हरवलेलं असतं. ती कुणाला त्रास देत नाही म्हणून तिची तक्रार कुणी करत नाही. दूध उतू गेलं, हिशोब चुकला, वही विसरली. वेंधळी. "हिला शिकवून उपयोग नाही," असं म्हणून तिचं नाव शाळेतून काढतात आणि स्थळं बघायला सुरुवात होते. मुलग्याला निदान चुकीचं तरी नाव मिळतं. तिला तेही मिळत नाही.

मग करायचं काय?

सरकारला नवीन योजना मागायची गरज नाही. जी आहे तिचा हिशोब मागा. २०१३ पासून देशात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करायची आहे. ज्या ३० बाबी तपासायच्या, त्या यादीत एडीएचडी नावानिशी आहे. संशयित मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र निदान केंद्राकडे पाठवायचं आहे. कागद पक्का आहे. तुमच्या तालुक्यात गेल्या तीन वर्षांत किती मुलांची एडीएचडीसाठी तपासणी झाली, किती पुढे पाठवली, किती जणांवर उपचार सुरू झाले? माहिती अधिकाराचा एक अर्ज, दहा रुपयांचं तिकीट. मोर्चाआधी हा अर्ज टाका.

दुसरी मागणी: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बालमानसोपचाराची ओपीडी ठरलेल्या वारी, आणि औषध तिथेच मोफत. मिथिलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत असल्याने प्रत्येक मेडिकलवाला ते ठेवत नाही. शहरातल्या माणसाला चार दुकानं फिरता येतात. रोजंदारीवरची आई प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी गमावते.

तिसरी मागणी: औषधाआधी आणि औषधाबरोबर वर्तनाचं प्रशिक्षण. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शनात पालकांचं प्रशिक्षण आधी आणि औषध नंतर असंच म्हटलं आहे. यात फार महागडं काही नाही. मुलाला पुढच्या बाकावर बसवणं. एका वेळी एकच सूचना. मोठ्या कामाचे छोटे तुकडे. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठायची हक्काची संधी: वह्या वाटायला, फळा पुसायला, पाणी आणायला. चांगलं वागलं की त्याच क्षणी नाव घेऊन कौतुक. हे शिक्षकांना शिकवता येतं, आशाताईंना आणि बचत गटातल्या आयांनाही शिकवता येतं. पण दोन शिक्षकांवर चार वर्ग आणि वर जनगणना, निवडणूक, पोर्टलवर माहिती भरणं, असं असेल तर कोणता शिक्षक हे करील? म्हणून शिक्षकभरतीची मागणी ही या मुलांचीही मागणी आहे.

चौथी मागणी: दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. जिथे एडीएचडी मुलाचं शिक्षण अडवतो, तिथे त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं पाहिजे.

आणि आईबापांना दोन शब्द. पोराला भगताकडे नेऊ नका, गंडा-दोरा बांधू नका, पट्ट्याने मारू नका. आधी रक्त, कान, डोळे तपासून घ्या. मग सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. डॉक्टरने गोळी लिहिली तर घाबरू नका, पण विचारा: कशासाठी, किती दिवस, काय त्रास होईल, पुन्हा कधी यायचं? शाळेतून अहवाल मागवलात का? वजन-उंची लिहून घेतलीत का? हे प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो, तो बदला. आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी सुरू करू नका किंवा बंदही करू नका.

गोळी ही काही क्रांती नाही आणि काही कटही नाही. ते एक साधन आहे. साधन कुणाच्या हाती आहे आणि कुणापासून लपवलेलं आहे, हे विचारणं आपलं काम आहे. आपल्या लेकराला गोळी लागेल की नाही, हे तपासणी ठरवेल. ते वांड आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार मात्र त्याच्या आडनावाकडे बघणाऱ्या माणसाला आपण यापुढे देता कामा नये.